मोजक्या पैशांत कडाक्याच्या थंडीची तयारी: हीटर घेण्याआधी काय करावे

तुमचा प्रश्न नीट वाचला. भाड्याचे दोन खोल्यांचे घर, जुन्या एकेरी काचेच्या खिडक्या, घरात सत्तरी ओलांडलेली आई आणि दोन वर्षांचे मूल, रात्री शून्याखाली जाणारे तापमान आणि हाताशी एका बऱ्यापैकी हीटरपुरतेच पैसे. अशा स्थितीत कोणता हीटर घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. जुन्या घरांतील गारठा आणि ओल यांची पाहणी व दुरुस्ती हाच माझा व्यवसाय असल्यामुळे हिवाळा तोंडावर आला की हा प्रश्न मला अनेकजण विचारतात. माझे म्हणणे असे आहे की सगळे पैसे हीटरवर घालू नयेत. तुमच्या घरात उष्णता तयार होते, पण ती टिकत नाही, ही खरी अडचण आहे. हीटर एकदाच विकत घ्यावा लागतो, विजेचे बिल मात्र महिन्याच्या महिन्याला भरावे लागते, आणि फटी तशाच राहिल्या तर ते बिल भरूनही खोली गारच राहते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमच्याकडची थंडी कोरडी आहे की दमट, घर कोणत्या मजल्यावर आहे, वारा कोणत्या बाजूने येतो, विजेची जोडणी किती जुनी आहे आणि घरमालक काय काय करू देतो, यांवर तपशील बदलतील. क्रम मात्र सहसा बदलत नाही. आधी माणूस ऊबदार ठेवावा, मग अंथरूण, मग एक खोली, आणि पैसे उरले तर बाकीचे घर. यामागचे कारण साधे आहे. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर सुमारे १०० वॅट उष्णता सतत बाहेर टाकत असते. ती अंगाशी धरून ठेवायला कपडे आणि पांघरूण पुरते. तेवढेच सुख संपूर्ण खोली तापवून मिळवायचे तर दहा-पंधरा पट शक्ती खर्च होते.

पहिली खरेदी म्हणून एक साधा तापमापक घ्या आणि आई जिथे झोपते त्या जागी, बाहेरच्या भिंतीपासून दूर, छातीच्या उंचीवर लावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या घर आणि आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये थंड हवामानात घरातील तापमान १८ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ नये असे म्हटले आहे, आणि वृद्ध, लहान मुले व आजारी व्यक्तींना त्याहून अधिक उबेची गरज असू शकते हेही मान्य केले आहे. ‘घर फार गार आहे’ या भावनेवरून काम ठरवता येत नाही. रात्री दहाला १७ आणि पहाटे पाचला ९ अशी नोंद समोर असली की घर उष्णता किती लवकर गमावते आहे ते कळते, आणि फटी बुजवल्यानंतर फरक पडला की नाही हेही त्याच दोन आकड्यांवरून समजते.

आता कपड्यांकडे वळू. ऊब कापडापेक्षा त्यात अडकलेल्या स्थिर हवेमुळे मिळते. म्हणून एका जाडजूड कोटापेक्षा दोन-तीन सैलसर थर घरात अधिक उपयोगी पडतात: अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारे पातळ कापड, त्यावर लोकर किंवा फ्लीस, आणि बाहेर जाताना सर्वांत वर वारा अडवणारे आवरण. कपडे घट्ट बसले की मधली हवा दाबली जाते, आणि मोजे घट्ट असतील तर पायांचा रक्तपुरवठाही कमी होतो. पाणी स्थिर हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे ओला कपडा जाड असला तरी निरुपयोगी होतो. सुती बनियन घामाने भिजले की गार पडते. लोकर थोडी दमट झाली तरी बरीच ऊब टिकवते. तेव्हा पैसे कमी असतील तर वापरलेला पण शुद्ध लोकरीचा स्वेटर हा नव्या पातळ ॲक्रिलिकच्या स्वेटरपेक्षा चांगला व्यवहार आहे. डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता निघून जाते असे जे सांगितले जाते, ते खरे नाही. डोके झाकलेच पाहिजे, पण उघड्या मानेला, मनगटांना आणि घोट्यांना तितकेच जपावे. घरात फरशी थंड असेल तर जाड तळाच्या सपाता ही छोटी खरेदी फार मोठा फरक करते.

अंथरुणाबाबत एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अंगावर दोन रजया घेऊनही माणूस कुडकुडत असतो, कारण थंडी खालून येत असते. शरीराच्या भाराखाली गादीतील हवा दाबली जाते आणि खालचा थर वरच्या रजईइतका उपयोगी राहत नाही. म्हणून उपलब्ध पांघरुणांपैकी एक जाड घोंगडी किंवा जुनी रजई अंगावर न घेता चादरीखाली अंथरा. गादी जमिनीवर असेल तर ती उचलून पलंगावर किंवा लाकडी फळ्यांवर ठेवा आणि बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर सरकवा. जमिनीला टेकलेल्या गादीखाली ओल धरते, हेही त्यामागचे एक कारण आहे. झोपण्याच्या अर्धा तास आधी गरम पाण्याची पिशवी पायांच्या जागी ठेवा. दोन लिटर पाणी ६० अंशांवरून ३५ अंशांपर्यंत निवताना जी उष्णता देते ती विजेच्या एका युनिटच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शाइतकी असते, पण ती सगळी पांघरुणाच्या आत, नेमकी हवी तिथे मिळते. उकळते पाणी भरू नका, पिशवीला कापडी खोळ घाला, आणि रबराला भेगा दिसू लागल्या की ती पिशवी टाकून द्या. मुलाच्या अंथरुणात ही पिशवी झोपेच्या वेळी राहू देऊ नका; आईला मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर तिच्याही अंथरुणातून झोपण्याआधी काढून घ्या, कारण भाजल्याचे तिला कळणार नाही.

माणूस आणि अंथरूण झाले की एक खोली निवडा. हिवाळ्यापुरते दोन्ही खोल्या तापवण्याचा विचार सोडून द्या. शक्य तो लहान, ऊन येणारी आणि बाहेरच्या भिंती कमी असलेली खोली घ्या, सगळ्यांनी संध्याकाळपासून तिथेच बसावे आणि तिथेच झोपावे. दुसऱ्या खोलीचे दार बंद राहिले पाहिजे. दार नसेल तर जाड पडदा छतापासून जमिनीपर्यंत लावा. मात्र बंद ठेवलेल्या खोलीत कपडे वाळत घालू नका, कारण थंड खोलीतील भिंतींवर बुरशी फार लवकर धरते.

फटींवर मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण कमीत कमी पैशांत सर्वाधिक फायदा इथेच होतो. दाराखाली सहा मिलिमीटरची फट असेल तर ती डोळ्यांना खुपत नाही. पण दार ८० सेंटिमीटर रुंद असेल तर त्या फटीचे क्षेत्रफळ ४८ चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे दारात सात बाय सात सेंटिमीटरचे भोक पाडून ठेवल्यासारखेच ते आहे. एवढे भोक भिंतीत दिसले असते तर आपण त्याच दिवशी बुजवले असते. आता हिशेब पाहा. ३० घनमीटरच्या, म्हणजे साधारण मध्यम आकाराच्या खोलीतील सगळी हवा शून्य अंशावरून १८ अंशांपर्यंत तापवायला एका युनिटच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी वीज लागते. ही रक्कम क्षुल्लक वाटते. पण वाऱ्याच्या रात्री गळक्या खोलीतील हवा तासाला दोनदा सहज बदलते, आणि चोवीस तास तसेच चालले तर नुसत्या फटींपोटी दिवसाला सुमारे ९ युनिट बाहेर जातात.

फटी शोधण्यासाठी वारा असलेली संध्याकाळ निवडा, पंखे बंद करा, आणि ओल्या हाताची मागची बाजू चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा. जिथे त्वचेला अचानक गार लागेल तिथे खडूने खूण करा. उदबत्तीचा धूर वापरलात तर तो कुठे आडवा वळतो ते डोळ्यांनी दिसते; पडद्यांपासून मात्र ती दूर धरा. उबदार हवा वर चढते आणि वरच्या फटींतून बाहेर पडते, तिची जागा घ्यायला खालच्या फटींतून गार हवा आत शिरते, म्हणून तपासणी दाराच्या उंबऱ्याइतकीच छतालगतही करा. खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधील भेग, भिंतीतून बाहेर जाणाऱ्या नळांभोवतीची जागा, एसीसाठी पूर्वी पाडलेले भोक, विजेच्या पेट्यांच्या कडा आणि पोटमाळ्याचे झाकण या जागा हमखास सुटतात.

दाराखाली कापड आणि वाळू भरून शिवलेली लांबट उशी किंवा दाराला चिकटणारी रबरी पट्टी चालते. खिडकीच्या उघडणाऱ्या पाखाला स्वतःला चिकटणारी फोमची पट्टी लावा. ती लावण्याआधी चौकट कोरड्या कापडाने आणि थोड्या स्पिरिटने पुसली नाही तर आठवडाभरात सुटून येते. पट्टीची जाडी फटीपेक्षा किंचितच जास्त असावी. फारच जाड घेतली तर कडी लागत नाही, मग खिडकी अर्धवट उघडी राहते आणि आधीपेक्षा नुकसान वाढते. न उघडणाऱ्या भेगांसाठी पुट्टी किंवा सिलिकॉन वापरा. भाड्याच्या घरात काढता येईल असेच काम करावे, आणि घरमालकाला आधी कळवावे. फटी बुजवण्याला सहसा कोणी नकार देत नाही.

एकेरी काचेची दीड चौरस मीटरची खिडकी, बाहेर शून्य आणि आत १८ अंश असताना, सुमारे १५० वॅट उष्णता सतत बाहेर सोडत असते. तिच्या आतील चौकटीवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवले आणि काच व प्लॅस्टिक यांत एक-दोन सेंटिमीटर हवा बंद राहिली, तर हे नुकसान जवळपास निम्म्यावर येते. काचेवर थोडे पाणी शिंपडून बुडबुड्यांचे प्लॅस्टिक चिकटवले तरी फायदा होतो. प्रकाश येतो, पण बाहेरचे दिसत नाही. निदान एक खिडकी मात्र उघडता येईल अशीच ठेवा, कारण आग लागली तर बाहेर पडायला ती लागेल आणि रोजच्या वायुवीजनालाही लागेल. पडदे जाड असावेत, वरून आणि बाजूंनी भिंतीला टेकावेत, सूर्य मावळताच ओढावेत आणि ऊन येताच पूर्ण उघडावेत. खिडकीखाली हीटर किंवा रेडिएटर असेल तर पडदा त्याच्यावर येऊ देऊ नका.

एवढे केल्यावर एक नवा प्रश्न उभा राहतो, आणि फटी बुजवण्याचा सल्ला देणारे त्याबद्दल पुरेसे बोलत नाहीत. तो प्रश्न ओलीचा आहे. तीन माणसे बंद खोलीत झोपली की सकाळपर्यंत त्यांच्या श्वासातून आणि त्वचेतून अर्ध्या लिटरहून अधिक पाणी हवेत जाते. त्यात ओले कपडे आत वाळत घातले की आणखी एक-दोन लिटरची भर पडते. हे बाष्प सर्वांत थंड पृष्ठभागावर, म्हणजे काचेवर, बाहेरच्या कोपऱ्यांत आणि कपाटामागच्या भिंतीवर पाणी होऊन बसते. मग तिथे काळे ठिपके दिसू लागतात आणि मुलाचा खोकला हटत नाही. म्हणून घर बंद ठेवायचे, पण दिवसातून दोनदा, पाच ते दहा मिनिटे, समोरासमोरच्या खिडक्या किंवा खिडकी आणि दार सताड उघडायचे. बाहेर धुके असले तरीही उघडा. शून्य अंशाच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त पाच ग्रॅमच्या आतबाहेर बाष्प मावते, आणि तीच हवा १८ अंशांपर्यंत तापली की तिची धारणशक्ती पंधरा ग्रॅमच्या वर जाते. त्यामुळे बाहेर कितीही दमट वाटले तरी ती हवा आत येऊन तापल्यावर कोरडीच ठरते. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे एकदा हवा बदलण्याचा खर्च पाव युनिटही नाही, कारण भिंती आणि सामान आपली ऊब एवढ्यात सोडत नाहीत. खिडकी बोटभर उघडी ठेवून दिवसभर तशीच राहू देणे मात्र सर्वांत वाईट. त्याने हवा पुरेशी बदलत नाही आणि भिंत थंड पडते. सकाळी काचेवरचे पाणी पुसून फडके बाहेर पिळा, कपाटे बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा.

आता हीटर. विजेवर चालणारा कोणताही साधा हीटर एका युनिटमधून तेवढीच उष्णता देतो. सिरॅमिक, क्वार्ट्‌झ, कार्बन, तेलाचा, पंख्याचा, या नावांमुळे बिल कमी होत नाही; खोक्यावर काहीही लिहिलेले असो. फरक आहे तो उष्णता कशी पोहोचते यात. तांबड्या कांड्यांचा हीटर समोर बसलेल्याला लगेच ऊब देतो आणि मोठ्या, गळक्या जागेत थोडा वेळ बसायचे असेल तर तो बरा. तेलाचा हीटर हळू तापतो, पण त्याचा तापलेला भाग उघडा नसतो, तो आवाज करत नाही आणि बंद केल्यावरही काही वेळ ऊब देतो, म्हणून मूल असलेल्या झोपायच्या खोलीसाठी मी तोच सुचवेन. थर्मोस्टॅट (म्हणजे ठरावीक तापमान आले की हीटर आपोआप बंद-चालू करणारी सोय) आणि कलंडल्यावर आपोआप बंद होण्याची सोय या दोन गोष्टी नसतील तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. घरात उष्ण हवाही देणारा एसी आधीपासून असेल तर तो आधी वापरा, कारण तो बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढतो आणि एका युनिटमागे सहसा दोन-तीन पट उष्णता देतो. कडाक्याच्या थंडीत हा फायदा घटतो, पण नाहीसा होत नाही.

हीटर दिवसभर मंद ठेवला की स्वस्त पडतो, ही समजूत चुकीची आहे. आत आणि बाहेर जेवढा फरक, तेवढ्या प्रमाणात उष्णता बाहेर जाते. खोलीत कोणी नसताना ती ऊबदार ठेवणे म्हणजे बाहेरची हवा तापवणे होय. बाहेर शून्य असताना २० ऐवजी १८ अंशांवर थांबलात तर गरज दहा टक्क्यांनी कमी होते. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर प्रवाह ओढतो, तेव्हा तो थेट भिंतीतील जाड पिनेच्या प्लगमध्येच लावा, एक्स्टेंशन बोर्डवर कधीही नाही. तासाभराने प्लगला हात लावून पाहा. तो गरम लागला तर हीटर बंद करून वायरमनला दाखवा. पडदे, पांघरूण आणि वाळत घातलेले कपडे एक मीटर दूर असावेत.

कोळशाची शेगडी, चूल किंवा गॅसचा बर्नर झोपायच्या खोलीत पेटवून ऊब घेण्याचा विचार कोणी सुचवला तर कृपया ऐकू नका. अर्धवट जळणातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड हा जीवघेणा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही लक्षणे माणूस थंडीची किंवा थकव्याची समजून झोपी जातो. फटी बुजवलेल्या घरात हा धोका कैक पटींनी वाढतो. त्यातच धुराड्याशिवाय जळणारा एक किलो गॅस दीड किलोहून अधिक पाणी बाष्परूपाने खोलीत सोडतो, म्हणजे ओलही वाढते. गॅस गीझर किंवा धुराड्याची शेगडी घरात असेलच तर तिच्यासाठी ठेवलेली हवेची जाळी कधीही बुजवू नका आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या. पैशांची कितीही ओढ असली तरी हा खर्च टाळू नये.

नळांचे थोडक्यात सांगतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि नळ फुटतो, पण ते कळते बर्फ वितळल्यावर. बाहेरच्या भिंतीतून जाणाऱ्या उघड्या नळांना फोमचे आवरण किंवा जुने कोरडे लोकरी कापड गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधा, आणि मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते आजच घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. गोठलेला नळ गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने, तोटी उघडी ठेवून, तोटीच्या बाजूने मागे मागे शेकावा. त्याला ज्योत लावू नये.

तेव्हा तुमचे पैसे मी असे वाटेन: तापमापक, दारा-खिडक्यांच्या पट्ट्या आणि प्लॅस्टिक, आईसाठी लोकरीचा एक चांगला थर, गरम पाण्याची पिशवी, आणि उरलेल्या रकमेतून लहान पण थर्मोस्टॅट असलेला तेलाचा हीटर. फटी बुजल्यावर एका खोलीला सहसा १००० ते १५०० वॅटचा पुरतो. घरात गॅसवर काही चालत असेल तर अलार्म या यादीत सर्वांत आधी येईल.

आईबद्दल शेवटी सांगतो, कारण ते सर्वांत महत्त्वाचे आहे. वय वाढले की थंडी जाणवणे कमी होते आणि कुडकुडणेही कमी होते, म्हणून ‘तुला थंडी वाजते का’ असे विचारून मिळालेल्या नकारावर विसंबू नका. तापमापक पाहा आणि कपड्यांच्या आत हात घालून तिच्या पोटाची त्वचा पाहा. हातपाय गार असणे नेहमीचे असते, पोट गार लागले तर ते काळजीचे आहे. मुलाच्या बाबतीत छाती किंवा मानेची मागची बाजू पाहा, आणि तिथे घाम असेल तर एक थर कमी करा. आईचे बोलणे अडखळू लागले, ती गोंधळल्यासारखी किंवा विनाकारण पेंगुळलेली वाटली, तर शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले असण्याची शक्यता धरून ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत ओले कपडे काढून कोरडे घाला, डोक्यासकट अंग पांघरुणात गुंडाळा, पूर्ण शुद्धीवर असेल तरच कोमट गोड पेय घोट घोट द्या. हातपाय चोळू नका, गरम पाण्याने अंघोळ घालू नका आणि दारू तर मुळीच देऊ नका, कारण तिने त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि शरीराच्या आतली उरलीसुरली ऊबही बाहेर निघून जाते.